दाराकडं पाय

मंडळी, आज भाचा चिटगुप्प्याहून आला आणि माझा पलंग बघून म्हणाला, "मावशी, फेंगशुईत दाराकडं पाय चालत न्हाईत. हलवू का?"

निजामाच्या राज्यात मी पाच वर्षांची असताना माझे वडील धरपकडीच्या भीतीनं गाव सोडून गेले. आईनं अंथरूण दारासमोर आणलं. शेजारणी अशुभ म्हणायच्या. ती म्हणायची, "ते आल्याबरोबर दिसायला पायजेत."

वर्षानं वडील आले, तेव्हा आई विहिरीवर होती. दार मी उघडलं आणि विचारलं, "कोण पायजे?" ते उंबऱ्यावरच रडत बसले.

आईची ती सवय मी आजवर चालवली. पण आता या घरात यायचं कुणी उरलं न्हाई. भाच्याला म्हटलं, "हलव बाबा."

तुम्ही अजून कुणाची वाट बघता का?