दसऱ्याआधी विकलेली जीप

महायुद्धानंतर लष्करी लिलावात घेतलेली वडिलांची जीप अंधेरीला आमच्या अंगणात गंजत होती. "ठेवायची की काढायची, ते दसऱ्यानंतर ठरवू," ते म्हणाले. मला शेजाऱ्यांच्या चेष्टेची लाज वाटायची. ते गावी गेले असताना मी ती परस्पर विकली आणि परतल्यावर सांगितलं, साकीनाक्याला दुरुस्तीला दिलीय.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार आणि नारळ घेऊन ते दारात उभे. "चल, पूजा तिथंच करू."

मी चपला घालायला उठलो नाही.

"विकलीस होय रे?" त्यांनी हार माझ्या हातात दिला. "विचारलं असतंस, तर मीही विकच म्हणालो असतो."

त्यानंतर घरातलं काहीच ते ठरवेनात. बहिणीच्या लग्नाचं विचारलं, तरी म्हणाले, "तू ठरवलं असशीलच."