निम्म्या वाट्याची पिल्लं

दिनेशची गाडी अंगणात चालू उभी होती आणि मी अजून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दुरडीपुढे बसले होते. दुरडीत भुसा, भुशावर अंडी आणि अंड्यांवर माझी तांबडी कोंबडी. खुडूक कोंबडी ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही. अंडी घालणं थांबवून ती एकदा उबवायला बसली की तिला तहान-भूक सुचत नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून अंगावर येते. आठवडाभरात पिल्लं निघणार होती. मी मुलाला म्हटलं, "थोडं थांब रे, एवढी उठली की येते." तो म्हणाला, "आई, गेल्या वर्षी पण कोंबडीच बसली होती." खोटं नव्हतं ते. आमच्या मळ्यात कोणती ना कोणती कोंबडी कायम खुडूक असायची.

दिनेशचे वडील गेल्यावर सायखेड्याजवळच्या त्या वस्तीवर मी एकटीच राहत होते. शेजारी धाकटी जाऊ हिरा, मधे नुसता बांध. मग उसात बिबट्या फिरायला लागला, हिराचं कुत्रं उचललं, आणि नाशिकहून मुलाचे फोन वाढले. शेवटी एका रविवारी तो मला न्यायलाच आला.

कोंबडी मी हिराला निम्म्या वाट्याने दिली. आमच्याकडे ही रीत जुनी आहे. कोंबडी आणि अंडी एकीची, राखण दुसरीची, जगतील ती पिल्लं दोघींत निम्मी. पण खुडूक बसलेली दुरडी जागची हलवायची नसते, आणि परक्या हाताला कोंबडी बिचकते. बिचकली की अंडी टाकून उठते, मग आतला जीव थंड होतो. म्हणून माझं घरात नेसायचं जुनं पातळ हिराच्या हातात दिलं आणि सांगितलं, दाणे घालायला जाशील तेव्हा हे अंगाभोवती गुंडाळत जा. हिरा म्हणाली, "कोंबडी फसंल आक्का, पर तुह्या दिराला काय सांगू?" मी हसत गाडीत बसले आणि गोदावरीचा पूल ओलांडेपर्यंत रडले. दिनेशने गाणी लावली. बिचाऱ्याला दुसरं काय करावं ते सुचलं नसेल.

हिरा खरंच माझं पातळ गुंडाळून जात राहिली आणि अकरा पिल्लं निघाली. तिने व्हिडिओ कॉलवर दाखवली. फोन इतका हलत होता की पिल्लं कमी आणि हिराचा अंगठाच जास्त दिसला. मी विचारलं, "अकराची निम्मी कशी करायची गं?" ती म्हणाली, "साडेपाच तुही, साडेपाच माही. तू काय भांडाया येती का एवढ्यासाठी?" पुढे एक पिल्लू घारीने नेलं आणि आमची वाटणी सोपी झाली.

इथे पाथर्डी फाट्याला आमचं घर सहाव्या मजल्यावर. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी लावलेली, त्यामुळे आभाळसुद्धा चौकटी-चौकटीचं दिसतं. सून स्वाती चांगली आहे हे आधीच सांगते, नाहीतर सासूने तोंड उघडलं की लोक कान टवकारतात. लिफ्ट आहे, आरओचं पाणी आहे, डॉक्टर खालीच बसतो. स्वाती अंड्यांचा ट्रे आणते, सगळी एका मापाची, फ्रिजमधून काढलेली. सवयीने मी अंडं मुठीत धरून बसायची. ती म्हणायची, "आई, उबवताय का?" मी हसायची. त्या अंड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो, त्यांतून काय निघणार?

माझ्यासारख्या मुलांकडे राहायला आलेल्या बायकांना हे ठाऊक असेल. दुःख म्हणावं असं काही नसतं, आणि दिवस तर सरत नाही. माझा दिवस हिराच्या फोनवर सरायचा. "तुह्या काळ्याला तुरा आला", "तुही पिवळी लय भांडकुदळ हाय." खुडूक पिल्लांना पंखाखाली वाढवते आणि ती मोठी झाली की स्वतःच टोचून हाकलते. आमच्या घरी उलटं झालं. पिल्लानेच आईला पंखाखाली घेतलं, आणि पंखाखाली अंधार असतो हे त्याला कसं सांगायचं ते मला कळेना. मी एवढंच म्हणायची, "मला माझा वाटा आणायला वस्तीवर जायचंय." तो म्हणायचा, "नेक्स्ट वीकेंडला नक्की." त्या वीकेंडला काहीतरी निघायचं.

मग आषाढात एक दिवस हिरा स्वतःच दारात उभी. एस.टी.ने आली होती, पिशवीत मोठा स्टीलचा डबा. पाणी पिऊन म्हणाली, "आक्का, वस्ती सोडली आमी. बिबट्यानं खुराडं फोडलं. तांबडी गेली, तुह्या-माह्या कोंबड्या गेल्या. पोरगं म्हनलं, आता इथं राहायचं नाय. गावात दोन खोल्या घेतल्या." दोन्ही घरांना कुलूप होतं. शेतात फक्त दिवसा जायचं. "तुह्या वाट्याचे दोन कोंबडे उरले व्हते. आखाड हाय, म्हनलं करूनच न्यावं. कोनाचं ठेवत नाय मी."

तिच्या चेहऱ्यावर काम पुरं केल्याचं समाधान होतं. अगं, मी वाटा मागत होते तो घ्यायला नव्हे. तो तुझ्याकडे आहे तोवर तिकडे माझं काहीतरी आहे, एवढ्यासाठी मागत होते. हे तिला सांगता आलं नाही.

सगळे जेवायला बसले. दिनेश म्हणाला, "वा काकू. आई, आला बघ तुझा वाटा घरबसल्या." स्वातीने मसाला विचारून घेतला. मीही जेवले. ताटात काळा आला की दुसरा, ते मी विचारलं नाही.

निघताना हिरा म्हणाली, "डबा दे मोकळा करून." मी म्हटलं, "रिकामा डबा कधी परत देतात का? काहीतरी करून घालते आणि मीच घेऊन येते." ती बरं म्हणाली. खाली जाऊन तिला रिक्षात बसवून दिलं.

डबा ओट्यावरच्या फळीवर आहे. परवा सायखेड्याचं कोणीतरी भेटलं तेव्हा स्वाती म्हणाली, त्यांच्याबरोबर देऊन टाकू. मी नको म्हटलं. हिरा फोनवर विचारते, "कव्हा येती?" मी सांगते, येते पुढच्या रविवारी. कुठे येणार, ते तीही विचारत नाही. गावाकडे आता माझं घेण्यासारखं काही उरलेलं नाही. हा एक डबा तेवढा द्यायचा राहिलाय, आणि तो मी देणार नाही.