बाजाराची पकड

मी पेंग्विन धरायचं काम करते असं बालाघाटात सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, चावते का? चावतो, आणि जोरात चावतो.

मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात मी आहे. पेंग्विनचे डोळे तपासायचा दिवस आला की डॉक्टरबाई मलाच हाक मारतात. पक्षी टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर घ्यायचा आणि त्यांनी पेनाएवढं यंत्र डोळ्याजवळ नेऊन आतला दाब मोजायचा. दाब वाढलेला असला तर काचबिंदूची भीती. माझ्या हातात पक्षी हूं की चूं करत नसे, याचा मला भारी तोरा होता. ही पकड किरनापूरच्या बाजाराची. लहानपणी कोंबड्या विकायला नेताना शिकलेली.

यंदा आमच्या म्हाताऱ्या मादीच्या दोन्ही डोळ्यांत दाब जास्त आला, उजव्यात तर फारच. थेंब घालूनही उतरेना. बाई म्हणाल्या, "तू सुट्टीवरून आलीस की पुन्हा मोजू. तसाच निघाला तर उजवा डोळा काढावा लागेल. दुखत असेल गं तिला." ती मादी माझ्याच हातचा मासा खाते. गाडीत बसले तरी माझं सगळं लक्ष तिच्यातच होतं.

घरी आले तर माय कोंबड्यांची लस घेऊन अंगणात बसलेली. ही लस कोंबडीच्या डोळ्यातच थेंबाथेंबानं घालतात. मी ऐटीत एक कोंबडी धरून पुढे केली, तर माय खवळलीच.

"मान काहून दाबून राह्यली तिची? डोये पाह्य कसे वर आले! बाजारात न्याची हाये का तिले?"

"हलते ना मंग."

"हलू दे. दवाई टाकाची हाये, इकाची नाही. मान सोड, छाती धर."

मी मान सोडली. कोंबडीचे डोळे खाली बसले. म्हणजे मान दाबली की डोळ्यातला दाबही चढत असणार. प्राणिसंग्रहालयात माझा अंगठा टॉवेलाखाली असाच पक्ष्याच्या मानेवर असतो, तो बाईंना कधी दिसलाच नव्हता.

तिथूनच बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मान किती दाबत होते ते बाईंनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "थेंब बंद करते. ये तू."

परत गेल्यावर मादीला नुसता छातीखाली हात देऊन धरलं. तिनं मनगटाला असा चावा घेतला की रक्तच आलं. दाब ठीक निघाला. बाईंनी तीनदा मोजला, तीनदा ठीक. त्यांनी शस्त्रक्रियेचा कागद फाडला आणि चहा मागवला.

चहा अर्धा झाल्यावर मी विचारलं, "मागच्या वर्षी त्या नराचा डोळा काढला, त्यालाही मीच धरलं होतं ना?"

"त्याचा डोळा लालही होता," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बहुतेक."

त्याची फाईल त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटातच होती. त्यांनी ती काढली नाही आणि मीही मागितली नाही.