यानाच्या मागे राहिलेलं घर

तोकुएसान आमच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या गल्ल्यावर अकरा वर्षं बसल्या. जपानच्या याईझु बंदरावरची माणसं संध्याकाळी अंगाचा मासळीचा वास घालवायला आमच्याकडे यायची. गल्ला मधोमध, उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष, आणि समोरच्या फळीवर दोन्हीकडून दिसेल असा टीव्ही. मालक मी असलो तरी त्या टीव्हीवर काय चाललंय आणि ते बरं की वाईट, हे तोकुएसान ठरवायच्या.

रविवारी दुपारी कौटुंबिक सिनेमा लागायचा. अंग पुसता पुसता बायका डोळे पुसायला लागल्या की तोकुएसान सुरू.

“आता बघा, बाप धावत स्टेशनावर येणार. माझं लग्न होऊन मी निघाले तेव्हा आमचे बाबा जाळं विणत बसले होते. मान वर केली नाही.”

“अहो, बघू द्या की रडून!” मासळीवाल्या मासुयोसान ओरडायच्या.

“रडा. पण ही सगळी माणसं भांडतात आणि तासाभरात एका पातेल्यातलं खातात. खऱ्या घरात भांडण झालं की कुणी पातेलं चढवतं का?”

शुक्रवारी सातला अंतराळाची मालिका असायची. वाट चुकलेलं एक यान, त्यात बारा माणसं, वर्षानुवर्षं ताऱ्यांमधून भटकणारी. त्यातलं शास्त्र तोकुएसानना कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

“एवढं मोठं यान, पण एक कपडा वाळत घातलेला दिसत नाही. आणि या कप्तानाचे केस कापतं कोण?”

“वहिनी, तुम्हीच जा ना कात्री घेऊन!” पुरुषांच्या बाजूने इवाओसान.

“जाईन की. तुमच्यासारखी पायाला काळं तेल घेऊन येणारी माणसं तरी नसतील तिथे.”

इवाओसान त्यांना वहिनी म्हणायचे, कारण तोकुएसानचे यजमान केन्सुके त्यांच्याच बोटीवर होते. ट्यूनाच्या मागे बोट हिंदी महासागरात गेली होती. एका पहाटे केन्सुके दोर बघायला डेकवर गेले, ते पुन्हा कुणाला दिसलेच नाहीत. बोट तीन दिवस तिथेच फिरत राहिली आणि शेवटी परत आली. त्याला नऊ वर्षं झाली होती. पुढे सासरच्यांनी नगरपालिकेतून कागद आणून दिला. त्यावर तोकुएसाननी सहीचा शिक्का मारला की केन्सुके गेले असं धरलं जाणार होतं. तोकुएसाननी शिक्का मारला नाही. नाहीही म्हणाल्या नाहीत. कागद कपाटात ठेवून दिला.

मालिकेचं तिसरं वर्ष चालू होतं. एका शुक्रवारी भाग संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “नोझावासान, एक पोस्टकार्ड द्या बरं.”

“कुणाला लिहिताय?”

“टीव्हीवाल्यांना. तीन वर्षं यान दाखवताय म्हणावं, एकदा घर दाखवा. बारा माणसं हरवलीत ना? त्यांच्या घरी कुणी आहे की नाही?”

मला वाटलं, कार्ड जाईल कुठेतरी केराच्या टोपलीत. पण महिन्याभराने मालिकेच्या लेखिकेचं, कुरोसे नावाच्या बाईंचं, हाताने लिहिलेलं पत्र आलं. वाट बघणारं घर कसं असतं ते मला माहीत नाही, तुम्हीच सांगा, असं त्यांनी लिहिलं होतं. तोकुएसाननी उत्तर लिहायला आठवडा घेतला. काय लिहिलं ते मला सांगितलं नाही.

ते आम्हाला वसंतात टीव्हीवर कळलं. यानातल्या एकाची बायको गच्चीत त्याचा कापूस भरलेला कोट उन्हात टाकते, संध्याकाळी झटकून परत पेटीत ठेवते आणि जेवताना त्याचंही ताट मांडते. बस, एवढंच. न्हाणीघरात केस निथळत बायका उभ्या होत्या. इवाओसाननी टॉवेलमध्ये तोंड घातलं.

“चुकलं,” तोकुएसान म्हणाल्या. “ताटही मांडलंय तिने. पहिली दोन वर्षं मांडतात. मग फक्त वाढदिवसाला.”

त्यानंतर कुरोसेबाईंची पत्रं येत राहिली. शेवटचं पत्र हिवाळ्यात आलं. मालिका संपणार होती आणि लिहिणाऱ्यांमध्ये वाद होता. काही म्हणत होते यान परत आणू, काही म्हणत होते ते खोटं वाटेल. तुम्ही काय म्हणता?

पंधरा दिवस ते पत्र गल्ल्यातच पडून होतं.

“काय लिहिणार?” मी विचारलं. “तुम्हाला तर असले शेवट आवडत नाहीत. बाप स्टेशनावर आला तरी तुम्ही त्याला हाकलता.”

“परत आणा असं लिहिलं,” त्या म्हणाल्या. “सकाळीच टाकलं.”

“आणि आजवर जे बोलत होतात ते?”

“ते बरोबरच आहे. तसं होत नाही.” त्यांनी गल्ल्यावरचं पाणी फडक्याने पुसलं. “पण माझ्यासारख्या किती जणी बघत असतील, नोझावासान. त्यांना अर्धा तास मिळू दे.”

शेवटच्या भागाला न्हाणीघर गच्च भरलं होतं. आंघोळ कुणीच करत नव्हतं. यान उतरलं, दार उघडलं. गच्चीतली ती बाई आता मैदानात आली होती. नवरा दिसताच ती धावत सुटली. मासुयोसान हुंदके देत होत्या. मी टीव्हीकडे न बघता तोकुएसानकडे बघत होतो.

त्या सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर.

“धावते कशाला?” त्या हळूच म्हणाल्या, मला नव्हे, पडद्यालाच. “मी उभीच राहीन. पाय उचलणारच नाहीत माझे.”

‘राहीन’ म्हणाल्या, ‘राहिले असते’ असं नाही. मी ऐकलं, इवाओसाननीही ऐकलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. जाहिराती सुरू झाल्या, बायका पाण्याकडे वळल्या. कुणीतरी साबण मागितला आणि तोकुएसाननी खाली वाकून खोका उघडला.