उजवं कोपर

मुलाचं उजवं कोपर वाकू नये म्हणून मी दहा वर्षं ओरडलो. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी तो बोलिंग टाकायचा आणि मी खांबाला टेकून बजावायचो, "हात सरळ! फेकू नकोस!" मग पठ्ठ्याने क्रिकेट सोडून बेसबॉल धरला. तिथे तर फेकायचंच होतं, कोपर वाकवून, जीव खाऊन. असं फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. आमच्या सात पिढ्यांत हा खेळ कुणी पाहिला नव्हता, पण दुबईत नवी लीग आली होती आणि तिला वेगवान हात हवे होते. मी चिडलो. आतून अभिमानही वाटला, तो काही मी दाखवला नाही.

दोन मोसम तो दुय्यम संघातच कुजत होता. मुख्य संघात घेतलं तर करार आणि त्याबरोबर स्वतःचा व्हिसा. नाहीतर पंचविशी पूर्ण झाल्यावर त्याला माझ्या व्हिसावर राहता येणार नव्हतं, आणि त्याला सहाच महिने उरले होते. इंजिनिअरिंग त्याने अर्ध्यात सोडलेलं. पुण्याला 'परत' जा म्हणावं, तर तो तिथे सुट्टीपुरताच राहिलेला.

मुख्य संघाच्या निवडचाचणीच्या आठवड्यात तो डाव्या हाताने केस विंचरू लागला. बायकोने हटकलं, "काय रे, हात दुखतोय?"

"नथिंग, आई. जस्ट टाइट."

मी ताटातून मान वर केली नाही.

गुरुवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना मेसेज आला. मुलं बापाच्या विम्यावर असली की दवाखान्याची मंजुरी बापाच्या मोबाइलवर येते. उजव्या कोपराचा एमआरआय, मंजूर. म्हणजे चिरंजीव आम्हाला न सांगता गेले होते. दुपारी घरच्या विम्याच्या अ‍ॅपवर रिपोर्टची लिंक आली. पॅन्ट्रीत उभ्या उभ्या मी ती उघडली. लिगामेंट अर्धवट फाटलंय, फेकणं ताबडतोब थांबवावं, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं. हातातला चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

चाचणी शनिवारी होती. तोवर गप्प बसायचं ठरवलं. आता बोललो तर पोराचा धीर खचेल, अशी मी माझी समजूत घातली. खोटं होतं ते. तो करार मला त्याच्यापेक्षा जास्त हवा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, दोन दिवस झाकून ठेवू, मग बघू काय ते. बायकोलाही सांगितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. असा तो कधी बसत नाही.

"बाबा, उद्या आय शुड गो, राइट?"

"हे काय विचारणं झालं? जायचं. यल्ला, चल, बॅग भर."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग उठला आणि शिट्टी वाजवत बॅग भरू लागला.

शनिवारी पहिले आठ-दहा चेंडू सुरेख गेले. कोच मान डोलावत होता. मला वाटलं, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. पुढचा चेंडू त्याच्या हातातून सुटला आणि भलतीकडे, जाळीवर गेला. तो ओरडलाही नाही. गुडघ्यावर बसला आणि उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरला. तो हात त्याला सरळ करता येईना.

हॉस्पिटलकडे गाडी काढली. सिग्नलला थांबल्यावर मी म्हणालो, "रिपोर्ट आला होता ना तुझा?"

"मी ओपनच नाही केला, बाबा. आय वॉज स्केअर्ड." तो खिडकीबाहेर बघत होता. "अ‍ॅपवर दिसलं, यू हॅड ऑलरेडी सीन इट. मग तुम्हाला विचारलं. तुम्ही जा म्हणालात, सो आय न्यू इट वॉज ओके."