दारुडा म्हटलेलं परवडलं

आमच्या गल्लीतला न्हावी भरदिवसा पितो, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. उजवा डोळा लालभडक, नाक गळतंय, अर्धी दाढी टाकून मागच्या खोलीत येरझाऱ्या. आणखी पुरावा कशाला हवा? खरं तर तो दारूला शिवतही नसे. त्याचं डोकं उठायचं. उजव्या डोळ्यामागे कुणी तापलेली सळई फिरवतंय असं वाटायचं आणि तो भिंतीवर कपाळ आपटायचा.

"एकदा खरं सांगून टाका ना लोकांना," बायको म्हणायची.

"काय सांगू? डोकं दुखतं म्हणून बाप्या माणूस रडतो? त्यापेक्षा दारुडा म्हटलेलं परवडलं."

गोळ्या सोसेनात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला मुठीत मावेल असं एक यंत्र दिलं. जेल लावून मानेवर टेकवलं की आतल्या मज्जातंतूला विजेचे बारीक झटके बसतात; कळ उठताच लावलं तर बरेचदा ती तिथेच ओसरते. पण तेवढा वेळ खालचा ओठ एकीकडे ओढला जायचा. आरशात ते वाकडं तोंड पाहून तो इतका ओशाळला, की यंत्र खणात पडून राहिलं.

एके दिवशी मुलगी शाळेतून फाटक्या बाहीनं आली.

"कुणाशी भांडलीस?"

"ते म्हणाले, तुझा बाप बेवडा. मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग काय होतं त्याला? बाबा, मला सांगताच आलं नाही."

त्याला तिच्याकडे बघवेना. आपली लाज आपण पोरीच्या गळ्यात बांधली होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुकान भरलेलं असताना कळ आली. पाय सवयीनं मागे वळले. पण बाकावर मुलगी बसली होती. त्यानं वस्तरा ठेवला, खण उघडला आणि सगळ्यांसमोर यंत्र मानेला लावलं. ओठ वाकडा, डोळ्याला धार.

"काय रे, आज सकाळीच?" खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं डोळा मारला.

"दारू नाही. डोकं दुखतं," तो वाकड्या तोंडानं म्हणाला. "फार दुखतं. रडू येतं."

कुणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान तापले. मुलीनं उठून गिऱ्हाइकाच्या गालावर वाळलेला साबण ओल्या फडक्यानं पुसला.

त्या दिवशी कळ ओसरली. दर वेळी ओसरतेच असं नाही. मुलगी मात्र आता वर्गात सगळ्यांना ओठ वाकडा करून बाबांचं यंत्र समजावून सांगते. हे कानावर आलं, तेव्हा त्याला पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.