शेवटून वाचणाऱ्या जकातबाई

बुधवारी संध्याकाळी सात वाजले, की फरशांच्या कारखान्यांच्या त्या गावात एकेका खिडकीतला रेडिओ मोठा व्हायचा. केस कापणाऱ्याची कात्री चालूच राहायची, पण खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचं तोंड मिटायचं. भट्टीवरचे लोक हात पुसत दाराशी येऊन उभे राहायचे. मग निवेदक म्हणायचा, "आज आपल्याबरोबर आहेत नेहमीच्या वकीलबाई," आणि भट्टीवरचा कुणीतरी रेडिओलाच सांगायचा, "बोला, जकातबाई!"

हे नाव गावानं ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही. देशादेशांमधल्या व्यापाराचा कायदा, कुणी कुणाच्या मालावर किती शुल्क लावलं, कुणी कुणाला कुठल्या मंडळापुढे खेचलं, असल्या कोरड्या ठणठणीत विषयावर त्या अर्धा तास बोलत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, हा तर आपल्याच बांधाचा तंटा. एकदा कुणीतरी विचारलं, समोरचा देश शुल्क तर घेत नाही, मग आमचा माल अडतो कुठे? जकातबाई म्हणाल्या, "त्यानं दार सताड उघडं ठेवलंय हो. फक्त चौकट गुडघ्याएवढी केलीय. आणि वर म्हणतोय, या ना, कोण अडवतंय?" त्या आठवड्यात गावात जो तो एकमेकाला गुडघ्याएवढी चौकट ऐकवत होता.

हे बोलणं त्यांनी कुठल्या महाविद्यालयातून आणलं नव्हतं. कायदा तिथून आणला, बोलणं घरचं. वडील पस्तीस वर्षं सरहद्दीच्या तपासणी नाक्यावर कारकून. पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंनी वारा, आणि समोर ट्रकवाल्यांची रांग. ट्रकवाला कागदांची चळत पुढे सरकवायचा. वडील ती सगळी चळत पालथी करायचे आणि तळापासून वाचायला लागायचे. रांगेतले वैतागायचे. वडील मान वर न करता सांगायचे, "वरच्या कागदावर तू काय म्हणतोस ते लिहिलंय. काय ठरलंय ते खाली आहे, सहीच्या शेजारी. मला तेवढंच बघायचंय."

मुलीनं ही सवय जशीच्या तशी उचलली. कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. जिना अरुंद, पण टेबल रुंद. आंतरराष्ट्रीय मंडळाचा निवाडा आला, की चारशे-चारशे पानं छापून घ्यायची, गठ्ठा पालथा ठेवायचा, पेन्सिलीला टोक काढायचं आणि शेवटच्या पानावर सुरुवात करायची. याला कारण होतं. असल्या निवाड्यात पहिली दीड-दोनशे पानं कोण काय म्हणालं याचीच असतात. मंडळ दोन्ही बाजूंचं म्हणणं इतक्या इमानानं मांडतं, की मधलंच एखादं पान उघडणाऱ्याला वाटावं, झाला निकाल. नवशिके वकील नेमके इथे पाय घसरून पडतात. बाई हाताखालच्या वकिलांना हसून सांगायच्या, "फिर्यादीचं रडणं ऐकून न्यायाधीश रडला असं समजू नका."

आणि त्याच बाई एका बुधवारी तिथेच घसरल्या.

झालं असं. शेजारच्या मोठ्या देशानं गावच्या फरशांवर जादा शुल्क लावलं होतं. म्हणणं असं, की तुम्ही मुद्दाम मातीमोलानं माल ओतून आमचे कारखाने बसवता. दोन वर्षं झाली होती. गावातल्या सतरा कारखान्यांच्या निम्म्या भट्ट्या थंड पडल्या होत्या. बाईंचा धाकटा भाऊ त्यातल्याच एका कारखान्यात भट्टीप्रमुख. त्याच्या दोन भट्ट्यांपैकी एक विझलेली, आणि त्या भट्टीवरची नऊ माणसं घरी. आपल्या सरकारनं हा तंटा मंडळापुढे नेला होता, आणि सगळं गाव निकालाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं.

निवाडा आला तो बुधवारी, पावणेसात वाजता. बाई रेडिओच्या इमारतीत शिरत होत्या. वृत्तसंपादक दारातच उभा, कपाळाला घाम.

"बाई, आलाय! दुसरे कुणी सांगायच्या आत आपण सांगायचं."

बाईंनी मोबाइलवर निवाडा उघडला. शेजारच्या खोलीत छपाईचं यंत्र मोकळं होतं, कागदही होता. पंधरा मिनिटंही होती. शेवटची दहा पानं सहज छापून झाली असती. पण सगळ्यांच्या आधी सांगायची हाव वाईट. बाईंनी बोटानं शोध घेतला आणि पान एकशे बारा समोर आलं: शुल्क ठरवण्याची पद्धत कराराशी विसंगत असून शुल्क मागे घेणे आवश्यक आहे. इतकं स्वच्छ वाक्य. सात वाजले, स्टुडिओतला लाल दिवा लागला.

"आपण जिंकलो," जकातबाई म्हणाल्या. "आडपडदा नाही, स्वच्छ जिंकलो."

गावात सतरा कारखान्यांचे भोंगे एकदम वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी शहरातल्या घरी, वडिलांच्या टेबलावर, सगळा निवाडा छापून पालथा ठेवला. जिंकलेला खटला चवीनं वाचायचा होता. वडील समोर चष्म्याची काच पुसत होते. शेवटून तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.

"काय गं? टोक मोडलं का?"

"टोक शाबूत आहे, बाबा. मोडलंय ते दुसरंच काहीतरी."

त्या पानावर मंडळानं लिहिलं होतं, की पद्धतीबद्दलचा मुख्य आक्षेप फेटाळण्यात येत आहे. नोटीस उशिरा दिल्याचा एक किरकोळ मुद्दा तेवढा मान्य होता. शुल्क जागच्या जागी. बाईंनी भराभर पानं मागे नेली. एकशे बारावर कालचं वाक्य होतंच. त्याच्या आधी तीन पानांवर, एकशे नऊवर, ठळक अक्षरात मथळा होता: तक्रारदार देशाचे म्हणणे.

वडिलांनी पान ओढून घेतलं, वाचलं आणि परत ठेवलं. तेवढ्यात धाकटा भाऊ गावाहून आला. दारातूनच बोलत.

"ताई, मालकांनी काल सगळ्यांना लवकर सोडलं! आणि ती प्रश्नावली दिली कपाटावर फेकून. महिनाभर डोकं खाल्लं होतं तिनं. अमुक आकाराच्या फरशीला माती किती, तमुकला जळण किती. मालक म्हणाले, ताईंनी सांगितलं ना, मग संपलं. सतराच्या सतरा कारखान्यांनी गुंडाळली."

ती प्रश्नावली शेजारच्या देशाच्या शुल्क खात्याची होती, वार्षिक आढाव्याची. उत्तरं शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोहोचायला हवी होती. भरा, कंटाळू नका, असं सहा बुधवारांपूर्वी त्यांनीच बजावलं होतं. कारण जो उत्तर देत नाही त्याच्याबद्दल खातं हाती असलेल्या माहितीवर ठरवतं, आणि हाती असते ती विरोधकानं पुरवलेली माहिती. मग शुल्क सगळ्यांत चढं, आणि उरलेल्या भट्ट्याही थंड. आज गुरुवार होता.

"खाली बस," बाई म्हणाल्या.

"बस काय? बोल ना."

"आपण हरलोय. काल मी चुकीचं पान वाचलं."

भाऊ खरंच खाली बसला. "तू? चुकीचं पान? मी पाढे चुकलो की टपली मारणारी तू?"

"मला मार. पण नंतर. आधी कारखान्यात जा आणि ती कपाटावरून काढ."

"माझं काढतो गं. बाकी सोळांचं काय? त्यांना मी सांगू, की जकातबाई चुकल्या? मलाच वेड्यात काढतील. म्हणतील, हा कोण मोठा शहाणा, आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

"बरोबर बोललास. मग त्यांना त्याच कानांनी ऐकवायला हवं."

त्यांनी वृत्तसंपादकाला फोन लावला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, घाबरू नका. पुढच्या बुधवारी घेऊ. निवाड्यातले काही बारकावे, असं म्हणू."

"उद्या पाचला मुदत संपते."

"मी तुमच्याच भल्याचं सांगतो. झालेली चूक लोक विसरतात. पण आपण होऊन सांगितली, की विसरत नाहीत."

"मग उत्तमच. मला तेच हवंय. साडेबाराच्या बातम्यांआधी तीन मिनिटं द्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग उसासा. "दोन. हवामानातली कापतो."

बाईंनी चपला पायात सरकवल्या. वडील आता बोलले. "मी एकदा चुकीचा ट्रक सोडला होता नाक्यावरून. सायकल काढली आणि सात किलोमीटर मागे गेलो. गाठला. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, एवढी धाप लागलीय, उद्या सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला चाललं असतं रे, पण तुझा ट्रक थांबला असता का?"

"हे कधी सांगितलं नाहीत, बाबा."

"चुकीचा ट्रक सोडला हे पोरांना सांगायचं असतं का? जा आता."

साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना गावात रेडिओ चालू होते ते सवयीनं, हवामानासाठी. त्यातून अचानक ओळखीचा आवाज आला. भल्या दुपारी. कात्री या वेळी मात्र थांबली.

"मी तुमची जकातबाई," आवाज म्हणाला. रेडिओवर त्यांनी हे नाव स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदाच घेतलं. "काल मी सांगितलं, आपण जिंकलो. ते खोटं आहे. मी एकशे बारावं पान वाचलं. तिथे आपलंच म्हणणं लिहिलेलं होतं, ते मी निकाल म्हणून तुम्हाला वाचून दाखवलं. निकाल शेवटून तिसऱ्या पानावर आहे, आणि तो आपल्या विरुद्ध आहे. कागद होता, यंत्र होतं, वेळ होता. घाई माझी. आता पुढचं नीट ऐका. प्रश्नावली उद्या पाचच्या आत गेली, तर आपल्या फरशीचा खरा खर्च त्यांना हिशेबात धरावा लागेल. नाही गेली, तर ते ठरवतील ते खरं. कपाटावरून काढा, गठ्ठ्यातून काढा, कुठे असेल तिथून काढा. ज्याला अडेल त्यानं यावं. मी दोनच्या बसनं गावात येतेय, आणि उद्या पाचपर्यंत हलणार नाही."

आणि त्या खरंच आल्या. बसथांब्यावर चार-पाच मालक उभे होते. त्यांतला एक, जाड भुवयांचा, म्हणाला, "जकातबाई, काल भोंगा वाजवून वाजवून माझा बिघडला. त्याचं काय?"

"तो बिघडला तेच बरं. आज वाजवायचं काही नाही. चला."

भावाच्या कारखान्यातल्या कचेरीत टेबलं जोडली गेली. कुणाच्या उत्तरांत मातीचं वजन ओल्या मातीचं होतं, कुणाचं सुक्या. बाई ते एकसारखं करून घेत होत्या. प्रत्येक कारखान्याची प्रश्नावली त्या हाती घेत आणि पालथी करत. सर्वांत शेवटी कारखानदाराचं प्रतिज्ञापत्र आणि सही. सतरांपैकी पाच जणांनी ते पान कोरंच ठेवलं होतं. बाकी सगळं सोन्यासारखं भरलं असतं तरी तेवढ्यावरून खात्यानं परत पाठवलं असतं.

"हे पुढून वाचलं असतं तर पाच वाजेपर्यंत सापडलं नसतं," जाड भुवयांचा मालक पुटपुटला. हीच त्याची शाबासकी.

एका मालकानं मात्र कहर केला होता. बुधवारी आनंदाच्या भरात त्यानं प्रश्नावली भट्टीत घातली होती. तो दारात उभा राहून टोपी कुस्करत होता. त्याच्या शेजारच्या कारखानदाराशी त्याचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, सामायिक भिंतीवरून. त्याच शेजाऱ्यानं आपल्याकडची कोऱ्या प्रश्नावलीची जादा प्रत काढून त्याच्यापुढे आपटली. "घे. आणि लिहिताना माझ्या भिंतीला टेकू नकोस." शुक्रवारी दुपारभर दोघं एकाच बाकावर होते.

चार वाजून एकोणीस मिनिटांनी ती सतरावी प्रश्नावली संगणकावरून गेली. पोच आली. बाईंनी पडद्यावर पोच खाली सरकवत नेली, शेवटची ओळ वाचली आणि म्हणाल्या, "वेळेत."

खुर्च्या सरकल्या, माणसं पांगली. भाऊ उरला.

"ताई, ती टपली राहिलीय."

बाईंनी डोकं पुढे केलं. त्यानं हलकीच मारली. मग जरा विचार करून दुसरी मारली. "ही बाबांकडून. फोन आला होता."

पुढच्या बुधवारी बोलायला बसताना बाईंच्या हातात छापलेला गठ्ठा होता. त्यांनी तो पालथा ठेवल्याचा धप्प आवाज रेडिओवर ऐकू आला, आणि भट्टीपाशी माणसं हसली. तेव्हापासून कार्यक्रमाची सुरुवात त्या धप्प आवाजानंच होऊ लागली.

आठ महिन्यांनी आढाव्याचा हुकूम आला, तोही बुधवारीच. दुसऱ्या एका वाहिनीनं बाईंच्या वीस मिनिटं आधी काहीबाही सांगून टाकलं. गावानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. सात वाजता भाऊ विझलेल्या भट्टीच्या दाराशी उभा होता, आणि घरी बसलेली ती नऊ माणसं त्याच्या मागे.

धप्प.

"शेवटच्या पानावरून वाचते," जकातबाई म्हणाल्या. "उत्तरं देणाऱ्या सतराही कारखान्यांचं शुल्क पाचव्या हिश्शावर आणलंय. खाली सही आहे, तारीख आहे. आता याच्या आधीचं पान..."

आधीचं पान ऐकायला भाऊ थांबला नाही. तो भट्टी पेटवायला वाकला होता, आणि मागचे नऊ जण बाह्या वर सारत होते.